अर्थिंगचा खड्डा

सुभद्रामावशींना करंट लागल्याचं ज्योतीरामला कळलं ते कंपनीच्या कँटीनमध्ये, ताट हातात असताना. फोन तनुजाचा होता, मावशींच्या सुनेचा.

"काका, आई आता बऱ्या आहेत. मनगटाला प्लॅस्टर घातलंय," ती म्हणाली. "काल माझी चहासाठी पाणी तापवायची टाकी बाहेरून पुसायला गेल्या आणि मागं फेकल्या गेल्या. हात खाली टेकला तो मोडला."

"टाकी चालू होती?"

"हो. पाणी तापत होतं. तुम्ही एकदा येऊन बघाल का? दुरुस्त नाही करायची. टाकी भंगारात द्यायची असं घरात ठरलंय. पण माझी चूक नेमकी कुठं झाली, तेवढं तरी कळू दे मला."

"गुरुवारी सुट्टी आहे माझी. सकाळीच येतो," ज्योतीराम म्हणाला. भात तसाच ठेवून तो उठला.

ज्योतीराम मूळचा परांड्याकडचा. सतरा वर्षांपूर्वी तो चाकणच्या पट्ट्यात कामाला आला, तेव्हा निघोज्यात अर्जुनरावांच्या चाळीतली एक खोली त्यानं भाड्यानं घेतली होती. अर्जुनराव गावातले जुने शेतकरी. जमीन एमआयडीसीत गेल्यावर त्यांनी चाळ बांधली, मग स्वतःसाठी दोन मजल्यांचं घर बांधलं. सुभद्राबाई त्यांच्या पत्नी. एकटा राहणारा हा पोरगा रात्रपाळी करून येतो नि बिस्किटं खाऊन झोपतो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि दुसऱ्या दिवसापासून दोन भाकऱ्या आणि कालवण त्याच्या दारात येऊ लागलं. तीन वर्षं यायचं थांबलं नाही. तेव्हापासून त्या त्याच्या मावशी. पुढं नवं घर उभं राहिलं, त्याचं वायरिंगही त्यानंच केलं, सुट्टीच्या दिवशी येऊन. मग आताच्या कंपनीत लागला, परमनंट झाला, लग्न झालं, मोशीत छोटा फ्लॅट घेतला. आता तो मेंटेनन्सचा सीनियर इलेक्ट्रिशियन होता. दरवर्षी मार्चमध्ये सुरक्षा सप्ताहात नव्या कामगारांना विजेच्या धोक्यांवर तासभर तोच सांगायचा. त्याचं सर्टिफिकेट त्याच्या बायकोनं, विजयश्रीनं, टीव्हीच्या वर लावलं होतं.

गुरुवारी सकाळी नऊला त्यानं अर्जुनरावांच्या अंगणात गाडी लावली. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. उजवा हात गळ्यात बांधलेला. त्याला बघून त्या हसल्या, पण चेहरा उतरला होता.

"ये रं. बघ, काय झालं माझं. हात मोडला ते मोडला, पर अजून छातीत धडधडतंय."

"बसू दे तिला," अर्जुनराव आतून म्हणाले. "ज्योतीराम, तू त्या पोरीला नीट सांग बाबा. शिकल्याली हाय, मान्य हाय. पर इजेशी खेळ करायचा न्हाई म्हणावं बायामाणसानी."

तनुजा दारातच उभी होती. तिनं ऐकलं आणि मागच्या शेडकडं वळली. ज्योतीराम तिच्या मागं गेला.

शेड पूर्वी ट्रॅक्टरची होती. तनुजानं ती धुऊन, रंगवून घेतली होती. एका भिंतीला फळ्या आणि त्यांवर कापडानं तोंडं बांधलेल्या मोठ्या काचेच्या बरण्या. तनुजा मायक्रोबायॉलॉजी शिकलेली. दोन वर्षांपूर्वी तिनं इथं कोंबुचा करायला सुरुवात केली. कोंबुचा म्हणजे चहाला विरजण लावून, आठ-दहा दिवस आंबवून केलेलं पेय. वाकडच्या सोसायट्यांमधून त्याला चांगली मागणी होती. घरात अर्जुनराव त्याला नासका चहा म्हणायचे, मावशी मात्र रोज सकाळी अर्धा पेला प्यायच्या आणि पोट हलकं राहतं असं शेजारणींना सांगायच्या. मागणी वाढली तशी गॅसवर पातेली चढवणं परवडेना, म्हणून तनुजानं स्वतःच एक टाकी तयार केली. साठ लिटरचं स्टीलचं पिंप, त्याला फॅब्रिकेशनवाल्याकडून भोकं पाडून बसवलेली तीन किलोवॅटची हीटरची कॉइल, खाली तोटी, आणि बाजूला तापमान दाखवणारी पेटी.

ती टाकी आता दाराशी आडवी पडली होती. प्लग उपसून वायर तिच्याभोवती गुंडाळली होती.

"रविराजनं काढली," तनुजा म्हणाली. रविराज तिचा नवरा. कंपन्यांना गाड्या पुरवण्याचं काम करायचा. "त्या दिवशी तो इतका घाबरला होता ना काका, माझ्याशी बोललाही नाही. संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाला, की तुझ्या छंदापायी माझी आई गेली असती."

ज्योतीराम खाली बसला. टाकी सरळ केली, पिशवीतून मीटर काढला आणि एकेक वस्तू तपासायला लागला. कॉइलमधून करंट बाहेर पडतोय का ते पाहिलं. पडत नव्हता. केबल जाड, तीन तारांची. हिरवी तार टाकीच्या अंगाला बोल्टनं घट्ट आवळलेली, खाली दातेरी वॉशरसुद्धा. ती तार प्लगच्या मोठ्या पिनपर्यंत अखंड होती. त्यानं दोनदा बघितलं.

"हे तू एकटीनं केलंस?"

"वाचून वाचून केलं. का? चुकलंय?"

"आमच्या हाताखालची पोरं दोन-दोन वर्षं काम करून इतकं नीट करत नाहीत," तो म्हणाला. "मला सांग, आधी कधी मुंग्या आल्या होत्या हाताला?"

"गेल्या आठवड्यात एकदा. बारीकशा. मला वाटलं, हात ओला होता म्हणून." तिनं फळीवरची वही उचलली. ती रोजचं तापमान नि वेळ लिहून ठेवायची. "आणि हे बघा. पूर्वी पाणी उकळायला पावणेदोन तास लागायचे. गेल्या दोन खेपांना अडीच तास लागले. टाकी चालू केली की घरातले दिवे पण मंद व्हायचे. रविराज म्हणाला, व्होल्टेज कमी असेल."

ज्योतीरामनं वही बघितली. टाकीत दोष नव्हता. मग दोष घरात होता. त्यानं शेडबाहेरच्या ओल्या मातीत एक सळई ठोकली, तिला वायर जोडून मीटरशी आणली. टाकीत पाणी भरायला लावलं, सगळ्यांना दूर उभं केलं आणि बटण दाबलं. टाकीचं अंग आणि जमीन यांच्यामध्ये मीटर कधी तीस व्होल्ट दाखवायचा, कधी सत्तर. बटण बंद केलं की शून्य.

त्यानं घराचा मेन स्विच बंद केला. आत न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचा, स्क्रू सैल होऊन काळा पडला होता, आजूबाजूचं प्लॅस्टिक वितळून वाकलं होतं. पण नुसत्या सैल स्क्रूनं टाकीत करंट उतरत नाही. तो शेडमध्ये परत आला आणि भिंतीवरच्या सॉकेटचे स्क्रू काढू लागला. तनुजानं मोबाइलचा उजेड धरला.

सॉकेटचं झाकण पुढं आलं. मागं तारा होत्या, आणि त्यांत एक बोटभर लांबीचा पिवळ्या वायरचा तुकडा. एक टोक न्यूट्रलला, दुसरं अर्थिंगच्या पिनला.

तो तुकडा त्यानं लगेच ओळखला. हिरवी वायर संपली होती म्हणून पिवळी वापरली होती. टोकाला पकडीनं दिलेला पीळसुद्धा त्याचाच होता.

"हा काय आहे तुकडा?" तनुजानं विचारलं.

"थांब जरा," तो म्हणाला आणि उठून बाहेर नळावर गेला. तोंडावर पाणी मारलं. मग तसाच ओल्या तोंडानं उभा राहिला.

चौदा वर्षांपूर्वी घराचं काम संपत आलं होतं. अर्थिंगसाठी, म्हणजे भलतीकडं गेलेला करंट जमिनीत उतरावा म्हणून, खड्डा खणायचा, त्यात कोळसा-मीठ भरून पाइप उभा करायचा, तेवढंच बाकी होतं. पण अंगणात फरशी बसून गेली होती. वास्तुशांत चार दिवसांवर होती. अर्जुनराव म्हणाले होते, आता नको, मागनं बघू. ज्या मिस्त्रीकडं तो काम शिकला, तो असल्या वेळी हाच तुकडा मारायचा. टेस्टिंगचा बल्ब लावला की पेटतो, सगळं ठीक दिसतं, कोणाला काही कळत नाही. ज्योतीरामनं घरातल्या प्रत्येक सॉकेटमध्ये तसा तुकडा मारला आणि पुढच्या महिन्यात येऊन खड्डा खणतो म्हणाला. तो पुढचा महिना आला नाही.

पण तेव्हा तो अडाणी होता. खरी टोचणी वेगळीच होती. कंपनीत आल्यावर पहिल्याच ट्रेनिंगमध्ये साहेबांनी फळ्यावर हाच तुकडा काढून दाखवला होता. न्यूट्रलची तार सैल झाली, तुटली, की काम करून परत जाणारा सगळा करंट यंत्रांच्या अंगात शिरतो, आणि ज्यानं नीट अर्थिंगची तार जोडलीय त्याच्याच यंत्रात आधी शिरतो, असं त्यांनी सांगितलं होतं. त्या दिवशी बसमधून घरी जाताना ज्योतीरामच्या डोळ्यांपुढं निघोज्यातलं हे घर आलं होतं. जाऊ एकदा, असं त्यानं ठरवलं होतं. मग ओव्हरटाइम, लग्न, फ्लॅट. मावशींकडं तो सणाला यायचा, जेवायचा, आणि भिंतीवरच्या बोर्डांकडं बघायचं टाळायचा.

आता काय करायचं? तुकडे काढून टाकायचे, खड्डा खणायचा आणि सांगायचं, वायरिंग जुनं झालं होतं. खोटंही नव्हतं ते. कोणी विचारलं नसतं.

"ज्योतीराम!" अर्जुनरावांनी हाक मारली. "चहा झालाय, ये."

ओट्यावर चहा आला होता. रविराजही आला होता, पायरीवर बसून फोनवर कोणाला तरी सांगत होता, "हां, स्टीलचंच आहे. दुपारी टेम्पो पाठवा." तनुजा खांबाला टेकून उभी होती. ती रडत नव्हती. टाकीला लावलेल्या वॉशरचा एक जास्तीचा नग तिच्या हातात होता आणि ती तो बोटांनी फिरवत होती.

"मग?" अर्जुनराव म्हणाले. "घावली का पोरीची चूक?"

ज्योतीरामनं कप खाली ठेवला.

"तिची चूक नाही, आण्णा. टाकी तिनं शंभर टक्के बरोबर बनवलीय. चूक माझी आहे."

रविराजनं फोन कानापासून बाजूला केला.

"घराला अर्थिंगच नाही. खड्डा राहून गेला होता, आठवतंय ना? मी तेव्हा प्रत्येक सॉकेटमध्ये अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून ठेवली. तसं करायचं नसतं. इतकी वर्षं निभावलं, कारण मोठा लोड नव्हता. आता हीटर आला, मेनमधला स्क्रू सैल झाला, आणि करंट त्या जोडातून टाकीत आला. तिनं हिरवी तार नीट लावली होती म्हणूनच आला. तो स्क्रू पूर्ण सुटला असता तर..." त्यानं मावशींकडं बघितलं.

अर्जुनरावांनी विचारलं, आणि आवाज चढवला नाही, "हे चुकीचं हाय, हे तुला कवा कळलं?"

ज्योतीरामला वाटलं होतं, ते विचारतील, असं का केलंस. त्याचं उत्तर त्याच्याकडं होतं.

"कंपनीत लागल्यावर," तो म्हणाला. "दहा-अकरा वर्षं झाली."

अर्जुनराव उठले आणि आत गेले. मावशी त्याच्याकडं बघत राहिल्या.

"तीन वर्सं माझ्या हातचं खाल्लंस रं तू," त्या हळूच म्हणाल्या.

त्यानं पिशवी आवरली. जाताना त्यानं मेन बंद ठेवायला सांगितला, रविराजला तो काळा पडलेला स्क्रू दाखवला, आणि परवानगी मागितली. "मी उद्या येऊन सगळं करून देतो."

"नको, भाऊ," रविराज म्हणाला. त्याचा राग थंड होता. "आम्ही दुसरा माणूस बघतो."

मोशीला पोचल्यावर त्यानं विजयश्रीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "फक्त त्यांच्याच घरात केलंत?"

त्यानं जुनी डायरी काढली. तेव्हा सुट्टीच्या दिवशी तो घरांच्या वायरिंगची कामं घ्यायचा आणि त्यांची नावं लिहून ठेवायचा. निघोजे, कुरुळी, मोई. मोजली तर एकवीस घरं निघाली. त्यातल्या सहा ठिकाणी खड्डा खणल्याचं त्याला नक्की आठवत होतं. उरलेल्या पंधरांपुढं त्यानं बारीक फुली मारली. विजयश्री त्याच्या खांद्यावरून बघत होती. फुल्या मोजून झाल्यावर ती उठली आणि सर्टिफिकेटकडं न बघता स्वयंपाकघरात गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला, कंपनीत असतानाच, फोन आला. नंबर तनुजाचा, पण आवाज अर्जुनरावांचा.

"आरं, त्यो दुसरा वायरमन आलाय," ते म्हणाले. "तनुजानं त्याला इचारलं, अर्थिंगचं काय. तर म्हणतो, खड्ड्याची काय गरज न्हाई, हितंच पिनीला जोड मारून देतो, कुनाला कळत बी न्हाई."

ज्योतीराम फोन घेऊन मशीनच्या आवाजापासून बाजूला गेला.

"मी हाकलून लावला त्याला," अर्जुनराव म्हणाले. "तू ये. तुला म्हाईत तरी हाय, काय करायचं न्हाई ते."

त्यानं साहेबांकडून अर्धी सुट्टी मागून घेतली. येताना पाइप, तांब्याची पट्टी, कोळसा, मिठाची पोती, सगळं टेम्पोत टाकून आणलं. अंगणात पहार घेऊन फरशीवर उभा राहिला आणि कुठं खणायचं ते ठरवू लागला, तेवढ्यात अर्जुनराव स्वतः आले आणि त्यांनी तुळशीपासून चार पावलांवर काठी टेकवली.

"हितं. त्या वक्ताला बी हितंच सांगितलं व्हतंस तू," ते म्हणाले. "मीच नगं म्हणलं. नवी फरशी फुटंल म्हणून."

"तुम्ही नको म्हणालात तरी मी काम सोडून जायला पाहिजे होतं, आण्णा. लाइन द्यायला नको होती."

"व्हय," अर्जुनराव म्हणाले. "जायला पायजे व्हतं." आणि त्यांनी खुर्ची ओढून तिथंच बसून घेतलं.

फरशीचे चार तुकडे निघाले. खाली मुरूम होता. दोन फुटांवर दगड लागला, तो फोडायला तास गेला. रविराज दुपारी आला, बघत उभा राहिला, मग शर्ट काढून खांबाला अडकवला आणि ज्योतीरामच्या हातातून पहार घेतली. आठ फूट खोल जाईपर्यंत दोघं आळीपाळीनं खणत होते. पाइप उभा राहिला, भोवती कोळसा-मिठाचे थर पडले, तनुजानं वरून बादल्यांनी पाणी ओतलं.

पुढचे दोन दिवस रजा टाकून त्यानं घरातला एकेक बोर्ड उघडला. तेवीस सॉकेट निघाले. प्रत्येकातला पिवळा तुकडा काढून त्यानं पिशवीत टाकला आणि खड्ड्यापासून आणलेली खरी हिरवी वायर जोडली. मेनचा स्विच नवा बसवला. त्याच्याशेजारी एक सुरक्षेचं बटण, ज्याला वायरमन ईएलसीबी म्हणतात, जरा जरी करंट भलत्या वाटेनं जायला लागला तरी आपोआप पडणारं. तनुजा सारखी बरोबर होती. प्रत्येक बोर्डाचं माप तिनं वहीत लिहिलं, आणि कशाला काय म्हणतात ते विचारत राहिली.

शेवटी टाकी भरली आणि चालू केली. तनुजा सवयीनं हात पुढं करणार, एवढ्यात ज्योतीराम ओरडला, "हातानं बघायचं नाही! कधीच नाही. मीटर कशाला आहे?"

तिनं मीटर लावला. तो शून्यावर होता. पाणी पावणेदोन तासांत उकळलं.

मावशी शेडच्या उंबऱ्यापर्यंत आल्या, पण आत आल्या नाहीत. पायात त्यांनी रविराजची रबरी चप्पल घातली होती. "माझं मन घेत न्हाई अजून," त्या म्हणाल्या. कोणी आग्रह केला नाही. ज्योतीराम निघाला तेव्हा त्यांनी डाव्या हातानं त्याला खुणेनं थांबवलं. भाकरी नव्हती, हात मोडलेला होता. "पुढच्या येळी बायकोला घिऊन ये," एवढंच म्हणाल्या.

भंगारवाल्याचा टेम्पो मग कोणी बोलावला नाही. अर्जुनरावांनी तनुजाची माफी वगैरे मागितली नाही. त्यांच्यात तशी रीत नव्हती. पण संध्याकाळी पारावरचे दोघेतिघे बसायला आले, तेव्हा त्यांनी मुद्दाम त्यांना शेडमध्ये नेलं आणि टाकीवर काठीनं टकटक करत सांगितलं, "आमच्या सूनबाईनं बनवली. कंपनीतल्या मान्सानं पास केलीया."

पुढच्या गुरुवारपासून ज्योतीराम फुल्या मारलेल्या घरांकडं जाऊ लागला. सोपं नव्हतं ते. काही घरं विकली गेली होती, दोन पाडून तिथं इमारती झाल्या होत्या. काहींनी ऐकून घेतलं आणि आभार मानले. एका ठिकाणी लोकांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं, आणि तो मान खाली घालून ऐकत राहिला. कुरुळीतल्या एका घरानं दारच उघडलं नाही. जाळीच्या आतून बाई म्हणाल्या, "आम्ही कोणाला बोलावलं नाही. चौदा वर्षांनी फुकट दुरुस्ती करायला कोण येतं? असल्या बहाण्यानं चोऱ्या होतात हल्ली."

त्यांचंही बरोबर होतं. तो परत गेला. पण त्या घरात वॉशिंग मशीन होतं, गीझर होता, बाहेरून दिसत होतं सगळं.

त्यानं तनुजाला फोनवर हे सहज सांगितलं. पुढच्या गुरुवारी तो कुरुळीला निघण्याआधी अर्जुनरावांचा निरोप आला, निघोज्यावरनं जा. तो गेला तर ते धुतलेला सदरा, टोपी घालून दारात तयार उभे होते. गाडीवर मागं बसले. रस्ताभर फक्त खड्डे आले की "हळू" म्हणत होते.

कुरुळीतल्या त्या घराशी त्यांनी काठीनं जाळी वाजवली. बाई आल्या. अर्जुनरावांना बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"वळखलंस का मला, रुक्मिणी?" अर्जुनराव म्हणाले. "निघोज्याचा. तुझ्या सासऱ्याच्या संगं बाजार समितीत व्हतो मी."

"ओळखलं की, आण्णा. या ना."

"मी येतो, पर ह्याला बी आत घे. ह्यानं माझ्या घरात घोळ घातला व्हता, आन् ह्यानंच निस्तारलाय. तुझ्या घरात बी घातलाय. बघू दे त्याला."

रुक्मिणीबाईंनी एकदा ज्योतीरामकडं बघितलं, एकदा त्याच्या खांद्यावरच्या पिशवीकडं. मग कडी काढली.

"मेन स्विच कुठं आहे, ताई?" ज्योतीरामनं विचारलं. "आधी तो बंद करू."